उजवीकडचा माझा

मी एक जुना पाचवा भाग आहे. खरे म्हणजे पुरता पाचवाही नाही, पाचव्याचा अर्धा. त्यामुळे मित्रांनो, माझी कहाणी मला नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री वाटत नाही. अर्ध्यावर थांबायची सवय अंगी मुरली आहे. पण एक गोष्ट मी अर्धी केली नाही. मी डूख धरला, तो पुरता धरला.

'पाऱ्याची भावंडे' या चित्रकथेचे आम्ही नऊ भाग. आमची चित्रे जिथे काढली गेली, तिथे पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचतात. पुढे भाषांतरात अक्षरे बदलली, चित्रे मात्र तशीच राहिली. म्हणून तुमच्या पुस्तकांचा जिथे शेवट, तिथे आमची सुरुवात. भलत्या बाजूने उघडणाऱ्यासाठी आत ठळक सूचनाही असे : 'थांबा! हा शेवट आहे. पुस्तक उलटे धरा.'

गोष्ट होती एका किमयागार बहिणीची आणि तिच्या धाकट्या भावाची. धातू वितळवायची एक मातीची मूस त्यांच्याजवळ होती. ती काहीही बदलून देई, पण आधी घेई आणि मग देई. पाचव्या भागात भाऊ तापाने फणफणतो. औषध चालत नाही. बहीण मूस मांडते. मूस तिच्याकडे सोने मागत नाही, आयुष्यही मागत नाही. तिच्या हातांचा स्पर्श मागते. ती देऊन टाकते. मग भावाच्या कपाळावर हात ठेवते, पण हाताला काहीच समजत नाही. म्हणून ती त्यालाच विचारते, "ताप उतरला का रे?"

हा प्रश्न माझ्या अगदी मध्यावर होता, पानभर चित्रात. उत्तर पलीकडच्या पानावर होते.

मी ज्या घरात आलो, तिथे मुलाम्याचे दुकान होते. पितळी नळ, दारांच्या मुठी, शर्यतींचे चषक मोठमोठ्या टाक्यांत बुडवायचे आणि चकाकते करून बाहेर काढायचे. "आपण किमयागारच की," वडील हसून म्हणत, "फक्त आपलं सोनं वरवरचं!" टाक्यांमागे एक पालथे खोके होते. त्यावर दोन भावंडे गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि आम्हाला मोठ्याने वाचत. थोरलीला सगळे ताई म्हणत, धाकट्याला बारक्या. बहिणीची वाक्ये ताईची, भावाची बारक्याची. गल्लीतली पोरे माझ्यासाठी नंबर लावत. माझे कोपरे मऊ पडले, एका पानावर चहा सांडला. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग वडिलांचा खोकला वाढला. ताईने शिक्षण सोडले आणि ती टाकीवर उभी राहिली. बारक्या शिकायला गेला, साहेब होऊन परत आला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहू लागला. आम्ही नऊजण फळीवर धूळ खात बसलो. त्याचा मला राग नाही. धूळ झटकता येते.

वडील गेल्यावर वाटणी झाली. मध्यस्थ म्हणून मामा आले होते. खोल्या झाल्या, भांडी झाली, दुकान ताईकडे राहिले, आणि बारक्याच्या तोंडून निघून गेले, "तुझं बरं आहे. आयतं दुकान मिळालं."

"आयतं?" ताई म्हणाली. "ये, एक दिवस टाकीवर उभा राहून दाखव. तुझ्यासाठी थांबले ना मी इथे!"

"मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्यासाठी थांब म्हणून."

मामांनी घसा खाकरला आणि आम्हाला फळीवरून खाली घेतले. "चार हिला, चार तुला. आणि हा एक उरला, त्याचं काय? कापून देऊ का अर्धा अर्धा?"

"द्या," ताई म्हणाली.

"कापाच," बारक्या म्हणाला.

"अरे, गंमत केली मी!"

"आम्ही नाही करत," दोघे एका सुरात म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकमत झाले ते एवढ्यावरच.

सुरी ताईने आणली. बारक्याने मला मध्यावर उघडून टेबलावर उताणे पाडले. त्याला हवा होता उत्तरार्ध. त्यात भाऊ अंथरुणातून उठतो, राजाच्या किमयागाराला लोळवतो, सगळीकडे जयजयकार होतो. बारक्या घाईत होता. इतकी वर्षे त्याने दुसरीच पुस्तके वाचली होती, त्या सवयीने तो बोलून गेला, "डावीकडचा तुझा, उजवीकडचा माझा."

ताईचे डोळे किंचित बारीक झाले. तिला आमची चाल ठाऊक होती. "ठीक," ती म्हणाली. "शब्द फिरवायचा नाही."

"नाही फिरवणार."

आणि माझ्या पाठीतून सुरी गेली.

घरी जाऊन त्याने मला उघडले, तेव्हा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जयजयकार ताईकडे गेला होता. त्याच्या वाट्याला आली मूस, आणि बहिणीने दिलेली किंमत, आणि शेवटच्या पानावर तो प्रश्न. उत्तर ज्या पानावर होते, ते पान गेले तसे उत्तरही माझ्यातून गेले. मलाही ते आठवेना.

त्याच दिवशी मी ठरवले, याचे उट्टे काढायचे. दोघांवर. ज्याने कापले त्याच्यावर, आणि जिने सुरी आणली तिच्यावरही.

तुम्ही म्हणाल, कागद काय सूड घेणार? सुरीने कापलेली माझी कड कशी कोरी करकरीत होती, ते तुम्ही पाहिले नाही. बारक्याने मला ओढले की त्याचे बोट कापलेच म्हणून समजा. चषक जिंकल्याएवढा आनंद होई मला. शिवण ढिली करून मी एकेक पान खाली सोडले. दुसरे आधी, विसावे नंतर. म्हटले, बस आता जुळवत. शेवटचे पान मात्र घट्ट धरून ठेवले. कुठूनही उघडला तरी मी तिथेच उघडे. ताप उतरला का रे? ताप उतरला का रे?

"काय हो, परत बोट?" त्याची बायको विचारी. "त्या अर्धवटाला एकदाचं फेका तरी."

त्याने मला फेकले नाही. त्या प्रश्नावर भाऊ काय म्हणतो ते त्याला आठवत नव्हते, आणि ते आठवत नसणे त्याला सलत होते. भावाची वाक्ये तर त्याचीच होती! तो जुन्या पुस्तकांच्या बाजारात हिंडू लागला. तिथल्या एका विक्रेत्याने मला उलटसुलट करून पाहिले. "साहेब, हे छापायचं कधीच बंद झालं. आणि राग मानू नका, अर्धी हरवलेली पुस्तकं मी पुष्कळ पाहिली, पण असं पट्टी लावून हरवलेलं पहिल्यांदाच पाहतोय."

ते ऐकून बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, "त्या बाजारापर्यंत चालत जाता. बहिणीचं घर त्याच वाटेवर आहे. तिथे वळताना पाय दुखतात का?"

म्हणून एका दुपारी तो मला पिशवीत घालून निघाला.

दुकान अर्धे मिटलेले होते. टाक्यांवर फळ्या टाकलेल्या. ताई खुर्चीत बसली होती.

"आलास? चपला राहू दे पायात. फरशीवर ॲसिड सांडतं." मग हळूच, "सांडायचं."

"दुकान बंद?"

"सुट्टी."

"मंगळवारी?"

"मालकीण मी आहे. मंगळवारी घेईन, नाही तर रोज घेईन."

त्याने मला टेबलावर ठेवले. "तुझं अर्धं दे. एकदा बघायचंय."

"तुझं दे आधी."

"मी आधी मागितलं."

"मी आधी जन्मले."

ताईने कपाटातून माझा दुसरा अर्धा काढला. इतक्या वर्षांनी माझे भावंड मला दिसले, पण मला प्रेमाचे भरते वगैरे आले नाही. माझे लक्ष ताईच्या बोटांवर होते. आता हिची पाळी. तिने मला जवळ ओढले आणि शेवटचे पान शोधत माझ्या कडेवरून बोट फिरवले. होती नव्हती ती सगळी धार एकवटून मी तिला कापले.

ती ओरडली नाही. हात मागे घेतला नाही. बोट तसेच पुढे फिरत राहिले.

"ताई, रक्त!"

"कुठे? बघू तुझं बोट." ती त्याचेच हात पाहू लागली.

"माझं नाही. तुझं."

तिने आपल्या बोटाकडे पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावे तसे. "असं होय. हल्ली कळत नाही रे. टाकीतलं पाणी भिनलं बोटांत. वस्तू हातातून सुटायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. म्हणून सुट्टी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास ना, मी कुणाला सांगितलं नव्हतं थांब म्हणून?" ताई म्हणाली. "मग मीही नाही सांगितलं."

मित्रांनो, मी इतकी वर्षे त्याची बोटे कापत होतो. ताईने एका वाक्यात केले, ते मला एकदाही जमले नव्हते.

बारक्याने रुमाल काढून तिचे बोट घट्ट धरले. माझ्या शेवटच्या पानावर रक्ताचा थेंब पडला होता, नेमका प्रश्नावर. अक्षरे दिसत नव्हती. ताईला ती दिसायची गरजही नव्हती.

"ताप उतरला का रे?" ती म्हणाली. तिचेच वाक्य होते ते.

बारक्याने मान हलवली. "मला पुढचं आठवत नाही, ताई."

"मग उलट ना पान. तुला हात आहेत."

त्याने मोकळ्या हाताने दुसरा अर्धा उघडला, या खेपेला बरोबर बाजूने, आणि अडखळत वाचले, "अजून नाही. हात ठेव तसाच."

"खोटं बोलतोय तो," ताई म्हणाली. "ताप कधीच उतरलाय. बघ, पांघरूण लाथाडलंय चित्रात."

तिचे बोट न सोडता तो पुढची पाने वाचत गेला. मग तिने विचारले, "थांबलं का रे रक्त?"

त्याने रुमालाचे टोक उचलून पाहिले. मी खालीच होतो, मला स्पष्ट दिसले. रक्त केव्हाच थांबले होते.

"अजून नाही," बारक्या म्हणाला. "धरू दे."

मी त्यांना माफ केले असे समजू नका. आता आम्ही दोन्ही अर्धे एकाच फळीवर आहोत, पण चिकटवलेले नाही, आणि माझी कड अजून शाबूत आहे. सुडाची किंमत मीही मोजली. माझा प्रश्न डागाखाली गेला, तो ज्यांना पाठ आहे त्यांनाच वाचता येतो.

म्हणून सांगतो, पुस्तके कापू नका. आणि कधी पानाच्या कडेने बोट कापले, झणझणले, तर पुस्तकावर चिडू नका. तुम्हाला दुखते आहे, हे चांगलेच आहे. शेजारी बसलेल्याला दुखत नसेल, तर मात्र त्याचा हात हातात घेऊन नीट पाहा.