रोलरची पाळी

दादा या देशात आला तेव्हा त्याला रस्ता विचारण्यापुरतीही इथली भाषा येत नव्हती. वायरिंगची कामं करता करता, आधी शिव्या आणि मग बाकीचं, असं करत तो ती शिकला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी वहिनी आली तेव्हा त्याने सांगूनच टाकलं, "तू काळजी करू नकोस. बोलायला मी आहे ना."

आणि तो बोलायचा. बँकेत, दुकानात, घरमालकाशी. वहिनी शेजारी उभी राहून मान हलवायची. मी त्यांच्याकडेच बाहेरच्या खोलीत राहतो, त्यामुळे रोज बघायचो. गावी शिवणाचा क्लास चालवणारी, खोलीभर बायकांच्या गोंगाटावर आवाज चढवणारी हीच का ती, असा प्रश्न पडायचा.

वहिनी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला लागली. चादरींच्या घड्या घालायला दोघी लागतात. तिच्या समोर एक इथलीच, ताडमाड उंच बाई असायची. चादर ओढताना, टोकं जुळवताना त्या बाईनेच तिला चार शब्द शिकवले. पण सुपरवायझरला कळलं, की ही कशालाच नाही म्हणत नाही. मग ओल्या चादरी दाबून वाळवणाऱ्या गरम रोलरवर तो रोज तिलाच उभं करू लागला. बाकीच्या बायका आलटूनपालटून जायच्या, ही कायमची. तिच्या हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले.

दादाने ते पाहिलं आणि लगेच फोन लावला. सुपरवायझर त्याच्याशी गोड बोलला, थंडीची चौकशी केली, "बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा रोलरवर.

फोनचं कळल्यावर उंच बाईने डबा खाताना तिला हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तिथे तुझा नवरा उभा राहतो का?"

त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, 'रोज मीच का' हे इथल्या भाषेत कसं म्हणायचं? आणि यांना सांगू नका."

मी तिला छान नम्र वाक्य तयार करून दिलं. 'कृपया' होतं, 'शक्य असल्यास' होतं. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि वैतागली. "हे संपेपर्यंत तो जेवायला निघून जाईल."

तेवढी वेळच आली नाही. सकाळी सुपरवायझरसमोर उभी राहिल्यावर वाक्य डोक्यातून पार उडालं. तोंडापर्यंत आलेलं मराठी तिने गिळलं आणि जवळ होते तेवढे शब्द काढले. हात पुढे केले आणि म्हणाली, "माझे हात. रोज माझे. का?"

तो म्हणाला, "तू कधी काही बोलली नाहीस."

"आज बोलते."

एवढं म्हणून ती तिथेच उभी राहिली. उंच बाईने हातातली चादर खाली ठेवली. मग पलीकडच्या दोघींनीही ठेवली. सुपरवायझरने सगळ्यांकडे पाहिलं, मान खाजवली आणि त्या दिवशी रोलरवर दुसरीला पाठवलं. तेव्हापासून पाळी लागली. आठवड्यातून एकदा वहिनीचीही येते.

दादाला हे त्या रात्री जेवताना कळलं. त्याचा घास हातातच राहिला. "मला सांगायचंस तरी. मी येऊन बोललो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," वहिनी म्हणाली. "तिथे सगळे तुम्हाला ओळखायला लागले असते. मला कोण ओळखणार?"

दादा दोन दिवस जरा फुगलेलाच होता. तिसऱ्या दिवशी येताना चट्ट्यांवर लावायचं मलम घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवलं.

पुढच्या रविवारी उंच बाई आमच्याकडे आली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दोघींच्या मध्ये बसला; एकीचं दुसरीला सांगायचं म्हणून. पण त्या थांबेनात. गुडघेदुखी, बाईचा दूर राहणारा मुलगा, सुपरवायझरचं चालणं, सगळं सुरू. वहिनीचं व्याकरण पार कोलमडत होतं आणि बाईचं हसू थांबत नव्हतं. दादा थोडा वेळ हिच्याकडून तिच्याकडे मान फिरवत राहिला, मग उठून चहा ठेवायला गेला.

आतून त्याने हाक मारली, "अगं, ती साखर किती घेते?"

"तिलाच विचारा ना," वहिनी म्हणाली, "तुम्हाला येते की भाषा."

दादा हातात चमचा घेऊन बाहेर आला आणि त्याने विचारलं. बाईने दोन बोटं दाखवली आणि वहिनीकडे वळून राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली.