चिमणाबाईला कुठं जायचं होतं

मी एसटीत कंडक्टर आहे. कोल्हापूर–गगनबावडा, बावीस वर्षं. गाडीत माणूस चढला की मी एकच शब्द विचारतो, "कुठं?" दिवसातून तीनचारशे वेळा तरी होत असेल. जास्त बोलायची मला सवय नाही.

माझी बायको चिमणाबाई चौऱ्याहत्तर साली माघात वारली. आठ दिवस ताप आला आणि गेली. कंडक्टरच्या घरच्यांना वर्षातून काही दिवस फुकट प्रवासाचा पास मिळतो. आम्ही तो एकदाही वाया घालवला नाही. दरवर्षी ती पासावर नेसरीला माहेरी गेली आणि नेसरीहून परत आली. एवढा प्रवास कुणाच्या बायकोला घडतो?

दहाव्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे भरपूर होते. येत होते, मान वाकडी करून बघत होते आणि जात होते. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग नातेवाइकांनी ती पुरी करायचं कबूल करायचं असतं. आमच्या नातेवाइकांना कबूल करायला फार आवडतं.

पहिल्यांदा माझा मुलगा आकाराम पुढं झाला. "आई, आबांना मी सांभाळतो. काळजी करू नगंस."

पुढं बसलेला एक कावळा जागचा हलला नाही. त्याला भरवसा वाटला नसावा. मलाही नव्हता.

मग माझी थोरली बहीण आक्का पदर सावरत आली. "चिमणा मला म्हणालती, आक्का, एकदा काशी बघायची हाय. आम्ही समदी जातो गं काशीला, तुझ्या नावानं."

चिमणा आक्काशी सहा वर्षं बोलत नव्हती. तरी म्हणाली असेल.

"काशी न्हवं, काश्मीर," आकाराम म्हणाला. त्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि सूनबाई मागून त्याचा सदरा ओढत होती. "आईला बर्फ बघायचा होता."

चिमणा मार्गशीर्षात दोन घोंगड्या घेऊन चुलीपुढं बसायची. तिला बर्फ बघायचा होता.

"गप्प बसा की रं!" तिचा भाऊ हंबीरराव ओरडला. हंबीरराव बोलला की पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघतात. "भण माझी हाय. तिला म्हैसूर बघायचं होतं. रंगीत कारंजी. साऱ्या घराला म्हैसूर दावतो, चिमणे. शब्द हाय भावाचा!"

हंबीररावाचा शेजारी आदल्या वर्षी म्हैसूरला जाऊन आला होता. तेव्हापासून हंबीररावाला जेवण गोड लागत नव्हतं.

कावळा एक पाऊल पुढं आला. हंबीररावानं श्वास रोखला. कावळा एक पाऊल मागं गेला.

भटजींना अजून दोन दहावे उरकायचे होते. ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही नवरा. तुम्हाला ठाऊक असणार. कुठं जायचं होतं त्यांना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आक्का सुद्धा.

एकदा तिनं मला विचारलं होतं, "गगनबावड्यावरनं समुद्र दिसतो म्हणं?" मी म्हणालो होतो, "धुकं दिसतं. च्या टाक." तिनं चहा टाकला. ते जायचं म्हणून विचारलं होतं की सहज, देव जाणे. ती पुन्हा काही बोलली नाही आणि मला चहा मिळाला होता.

मी पिंडाजवळ जाऊन उकिडवा बसलो. मागं आक्काचं आणि हंबीररावाचं परत जुंपलं होतं.

"चिमणे," मी हळू म्हणालो, "मला ठावं न्हाय. साऱ्या दुनियेला इचारतो, कुठं. तुला कदी इचारलं न्हाय."

कावळा आला. शिवला. भाताचं शीत घेऊन उडाला.

"बघितलासा?" हंबीरराव नाचायचाच बाकी होता. "म्हैसूर म्हणालो आणि शिवला!"

"काशी म्हणालते मी तवा!" आक्का म्हणाली.

घाटाच्या पायऱ्या संपेपर्यंत भांडण चाललं. मी काय बोललो ते कुणी विचारलं नाही. हंबीररावाचा आवाज मोठा, म्हणून म्हैसूर ठरलं.

मे महिन्यात चिमणाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चौदा माणसं म्हैसूरला निघाली. काशी म्हणणारी आक्का खिडकीशी बसली होती. मलाही चला म्हणाले. मी म्हणालो, रजा नाही. रजा शिल्लक होती.

त्या दिवशी मी ड्यूटीवर गेलो. दहाव्यापासून माझ्या तोंडातून 'कुठं' निघत नव्हतं. नुसता हात पुढं करायचो. माणसं आपणहून गाव सांगायची, माझं काही अडलं नव्हतं.

पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर गाठोडं. मी हात पुढं केला. ती हाताकडं बघत राहिली. मी हात हलवला.

"मुकं हायसा काय मास्तर?" म्हातारी खेकसली. "इचारा की! न इचारता मी कसं सांगू?"

गाडीतली माणसं हसली. मी दांडी घट्ट धरली.

"कुठं जायचंय, बाई?" मी विचारलं.