अंगठ्याला जागा

"बूट काढा. मोजेसुद्धा," सुभेदार म्हणाले आणि पार्सलच्या गोदामातली बत्तीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस पार्सल कंपनीत सुपरवायझर झाला, की असलं काहीतरी व्हायचंच. पहिल्या दिवशी त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना रांगेत उभं राहायला सांगितलं होतं. कुणी जागचं हललं नाही. पॅकिंगच्या ताई तर फिस्सकन हसल्या. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या शिट्टीवर मी तरी कधी उभी राहिले का?" तेव्हापासून शिट्टी खिशातच होती.

सहा महिन्यांनी नोकरी पक्की होणार होती, नाहीतर हातात नारळ. सुभेदारांना ती नोकरी हवी होती. पेन्शनवर घर चालत होतं. पण सकाळी दाढी करून जायला कुठेच नसलं की माणूस कसा खचतो, ते त्यांनी वर्षभर घरी बसून अनुभवलं होतं. आता जेमतेम तीन आठवडे उरले होते, आणि सकाळीच साहेबांनी बोलावून घेतलं होतं. साहेब त्यांच्या मुलीच्या वयाचे.

"तुमच्या पाळीचं काम रोज दुपारनंतर मागे पडतं. जे दोघं कामचुकार आहेत, त्यांची नावं संध्याकाळपर्यंत द्या. तुमचंही त्यावरच ठरेल."

नावं द्यायला काय लागतं? सगळ्यात मागे ताई आणि वजनकाट्यावरचे काका. सुभेदारांनी वहीत लिहूनही टाकली. पण जेवणाच्या सुट्टीत ताई भिंतीला धरून, लंगडत चालताना दिसल्या. लांबची चाल झाली की जवानांचे पाय तपासल्याशिवाय जेवायचं नाही, हा सुभेदारांचा जुना शिरस्ता. त्यांनी डबा बंद केला आणि सगळ्यांना बूट काढायला लावले.

"पायाला हात लावायचा नाही हं!" ताईंनी आधीच बजावलं.

"नाही लावत. दाखवा फक्त."

ताईंच्या बुटात पुढे कागदाचे बोळे कोंबलेले होते आणि घोट्याची साल निघालेली. काकांचे बूट इतके घट्ट, की अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. कंपनीने बूट घेतले होते दोनच मापांचे.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलायचं?" ताई म्हणाल्या. "तुम्ही पडलात शिट्टीवाले."

हे मात्र सुभेदारांना लागलं. पाच महिने रोज हजेरी घेतली, पण एकदाही खाली बघितलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर कागद गेला. त्यावर बत्तीस नावं होती आणि प्रत्येकापुढे एक आकडा.

"हे काय?"

"बुटांची मापं."

"मी दोन नावं मागितली होती."

"कुणी कामचुकार नाही, साहेब. त्यांना चालताच येत नाहीये."

"सुभेदार, ही कंपनी आहे. पलटण नाही."

"बरोबर आहे. पण पाय दोन्हीकडे सारखेच असतात."

साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनी कागद वर पाठवला. वरून बूट मंजूर झाले, सुभेदार झाले नाहीत. 'अजून फौजेतून बाहेर आलेले नाहीत,' असा शेरा होता.

शेवटच्या दिवशी सुभेदार डबा पिशवीत टाकून निरोप घ्यायला आले, तेव्हा गोदामातलं काम थांबलेलं होतं. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याजवळ बत्तीस माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांच्या पायांत नवे बूट. शिट्टी कुणीच फुंकली नव्हती.

"रांग वाकडी आहे," सुभेदार कसेबसे म्हणाले.

"असू दे वाकडी," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच पाय पुढे केला. "तपासा."

सुभेदार गुडघा टेकून खाली बसले. त्यांनी बुटाचं टोक बोटाने दाबून पाहिलं.

"अंगठ्याला जागा आहे ना?"

"आहे हो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सुभेदार पुढच्या बुटाकडे सरकले. एकतीस जोड्या उरल्या होत्या. त्यांनी एकही सोडली नाही.