छावणीच्या फाटकापाशी नेलेले पातेले

मित्रांनो, माझे बूड काळे आहे म्हणून नाक मुरडू नका. काठावरचे पोचे पाहा. मी सान्तियागो शहरातल्या ओतिलियाबाईंच्या घरचे एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले आहे.

लग्नात मी त्यांना भेट मिळाले. नवरा लवकर गेला. मुलगा निबाल्दो माझ्यात शिजलेल्या भोपळा-घेवड्यावर वाढला. "आई, बुडाला लागलेलं मला हं!" असे तो कापड गिरणीत कामाला लागल्यावरही म्हणे. मला फार बरे वाटे.

मग ट्रकवाल्यांचा संप झाला आणि दुकाने ओस पडली. बाई रांगेत ताटकळून हात हलवत परत येत. संध्याकाळी बायका खिडक्यांत उभ्या राहून सरकारच्या नावाने रिकामी भांडी बडवत. बाईंनीही मला पालथे धरून डावाने ठोकले. निबाल्दो मात्र सरकारच्या बाजूचा.

"आई, माल साठेबाजांनी दडवलाय, आणि तू बोंब कुणाच्या नावानं मारतेस?"

"मग तुझी भाषणं शिजवू का यात?"

"उद्या लष्कर आलं म्हणजे?"

"येऊ दे! निदान पाव तरी मिळेल."

लष्कर काही येईना. तेव्हा बायका छावणीच्या फाटकाशी गेल्या आणि जवानांना "कोंबड्या! भित्र्या कोंबड्या!" असे हिणवत त्यांच्यापुढे मक्याचे दाणे फेकू लागल्या. आमच्या घरात मूठभर मका उरला होता. बाईंनी तो माझ्यात घेतला आणि तिथे उधळला. त्या दिवशी निबाल्दो नुसता चहा पिऊन निजला.

सप्टेंबरात लष्कर आले आणि त्याने सरकार उलथवले. गिरणीला वेढा पडला. निबाल्दो घरी परतला नाही.

आणि दुकानांत, कुठून कोण जाणे, सगळे आले! तेल, पीठ, घेवडा. बाईंनी मला काठोकाठ भरले, फडक्यात बांधले आणि गिरणीतली माणसे छावणीत कोंडली आहेत असे ऐकून त्याच फाटकाशी नेले.

"माझ्या निबाल्दोला एवढं द्या हो. बुडाचं त्याला आवडतं."

पहारेकरी हसला. "आज मका नाही आणलात, मावशी?" मग म्हणाला, "या नावाचं कुणी नाही इथं."

तेव्हापासून बाई जेवतात, पण माझ्या बुडाचे खरवडत नाहीत. ते बाजूला ठेवतात.

मित्रांनो, भुकेल्याने भांडे वाजवू नये असे मी कसे म्हणू? पण वाजवताना घरातल्या माणसाकडे एकदा वळून पाहा. आवाज ऐकून कोण येईल, ते भांड्याला कळत नाही. आणि घरातले गेलेले माणूस भांडे कितीही भरले तरी परत येत नाही.