मिरेलाची दृष्ट

चेटकिणी आणि रक्तपिपासू पिशाच्चे यांच्या प्रेमाची ती परदेशी मालिका सुर्वे पती-पत्नी पहिल्या भागापासून बघत आले होते. राजश्री जीव लावून, आणि हरिश्चंद्र हरकती नोंदवण्यासाठी. ज्यांची उभी हयात न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात गेली, त्यांना तीनशे वर्षांचा पिशाच्च नायक ऑरेल अजून महाविद्यालयातच कसा, आणि आरशात ज्याचे प्रतिबिंब पडत नाही त्याचा भांग इतका सरळ कसा, असे प्रश्न पडणे स्वाभाविक होते. परंतु दिवेलागण झाली की टीव्हीसमोर खुर्ची आधी तेच ओढत, हेही तितकेच खरे.

आता मात्र राजश्रीला टीव्हीकडे बघता येत नव्हते. तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडला होता आणि पडदा जागेवर चिकटेपर्यंत पालथे राहण्याची ताकीद दिली होती. दृष्टी परत येते की नाही, हे बुडबुडा विरल्यावरच कळणार होते. हरिश्चंद्रांनी तिचा पलंग माजघरात टीव्हीच्या शेजारी आणला. पलंगाच्या कडेवरून तिच्या धडधाकट डोळ्याला खालची फरशी आणि नवऱ्याची पावले एवढेच दिसे. हिंदीतले संवाद ऐकू येत. जिथे कोणी बोलत नसे, तिथे काय घडते ते हरिश्चंद्रांनी सांगायचे, असे ठरले.

“सदर इसम गच्चीवरून उतरून तिच्या खिडकीपाशी आला आहे,” पहिल्या संध्याकाळी त्यांनी सांगितले.

“अहो, पंचनामा नको,” राजश्री फरशीकडे बघत म्हणाली. “गोष्ट सांगा.”

त्यांना ते जमू लागले. इतके जमले की मिरेला नावाच्या त्या तरुण चेटकिणीला पकडायला मशाली निघाल्या, तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले आणि राजश्रीला त्यांच्या पावलांवरूनच संकट किती जवळ आले ते उमगले.

वाद होता तो दृष्ट काढण्यावरून. प्रत्येक भाग संपला की मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून राजश्री मिरेलावरून, म्हणजे टीव्हीवरून, ओवाळी आणि मागीलदारी न्हाणीच्या चुलीत टाकी. साऱ्या जगाचे डोळे त्या पोरीवर लागलेले, असे तिचे म्हणणे. नजर काच भेदून समुद्रापार जाते याला पुरावा काय, असे हरिश्चंद्रांनी एकदा विचारले होते. चित्र तिकडून इकडे येते, तर नजर इकडून तिकडे का जाणार नाही, असे तिने उलट विचारले. तो उलटप्रश्न त्यांच्या मनात अजून सलत होता.

आता दृष्ट काढण्याचे काम त्यांच्यावर आले. शेवटच्या आधीच्या भागात चेटकिणींच्या सभेने मिरेलाला शिक्षा सुनावली: उद्या पहाटे, समुद्रावरच्या कड्यावर, अग्नी. भाग संपताच राजश्रीने दृष्ट काढायला सांगितली. हरिश्चंद्रांनी मूठ भरली, टीव्हीसमोर पावले दिसतील असे उभे राहिले, मागीलदारी चुलीपर्यंत गेले. आणि तत्त्वासाठी मुठीतले सारे पेरूच्या मुळाशी टाकून परत आले.

“ठसका आला?” तिने विचारले.

“नाही आला.”

उत्तर अक्षरशः खरे होते, आणि त्याच समाधानात ते खुर्चीवर बसले. परंतु मिरच्या जळूनही ठसका आला नाही तर दृष्ट जबर असते, हे राजश्री लहानपणापासून ऐकत आली होती. 

“मी मनात धरलंय,” ती म्हणाली. “मिरेला वाचली तर माझा डोळा वाचेल.”

हरिश्चंद्र पेचात पडले. लपवावे, तर तिच्या लेखी दृष्ट होती आणि भयंकर होती. सांगावे, तर ती काढलीच नव्हती, म्हणजे अजून आहेच. दोन्ही बाजूंनी निकाल त्यांच्या विरुद्ध जात होता. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि कूस बदलता न येता तिचे तळमळणे पाहताना त्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा भाग लागला. मिरेलाला कड्यावर बांधले होते. पूर्वेला तांबडे फुटत होते, आणि उन्हाचा एक किरणही ज्याला जाळतो तो ऑरेल गुहेच्या तोंडाशी आला होता. संवाद थांबले, नुसती तंतुवाद्ये वाजत राहिली.

“सांगा ना,” राजश्री म्हणाली.

“तो बाहेर पडला. उन्हात आला, राजश्री. खांद्यांतून धूर येतोय, पण थांबत नाही. तिकडे मशाल खाली झुकली—”

आणि हरिश्चंद्रांनी चित्र तिथेच थांबवले.

डब्यांची झाकणे वाजली. राजश्रीला फरशीवर पावले येताना दिसली. ती टीव्हीकडे वळली नाहीत. पलंगाच्या उशापाशी थांबली, पायथ्याकडे गेली, दुसऱ्या बाजूने फिरून पुन्हा उशापाशी आली. तिच्या पाठीवरून मिठाचे दोन खडे घरंगळले.

“टीव्ही तिकडे आहे,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे मला.”

थोड्याच वेळात मागीलदारी असा ठसका उठला की शेजारच्या आवारातला कुत्रा भुंकू लागला. खोकला थांबेना. राजश्रीने हसू उशीत दाबले, पण खांदे हलायचे ते हललेच.

हरिश्चंद्र भिंत चाचपत परतले आणि त्यांनी मालिका पुढे सुरू केली. वाद्यांचा कल्लोळ झाला, काहीतरी कडाडले.

“काय झालं? अहो, काय झालं?”

“थांब. डोळ्यांत पाणी आहे. मलाही दिसत नाही.”

तिने हात लांबवला. त्यांनी तो धरला. वाद्ये एकाएकी थांबली. लाटांचा आवाज आला, आणि त्यावर मिरेलाचा, धापा टाकणारा: “ऑरेल, आँखें खोलो।”

“वाचली,” राजश्री म्हणाली.

पाहिले तिनेही नव्हते आणि त्यांनीही नाही. तरी या एका विधानावर हरिश्चंद्रांनी हरकत घेतली नाही.