दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

गोदामाच्या आवारात टेबलावर वजनकाटा मांडून सेफ्टीवाले साहेब बसले होते. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'काटेकोर' म्हणत, आणि हे नाव कानावर गेलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. तिने पिशवीतून ड्रोन काढून काट्यावर ठेवला. मुठीत मावेल एवढंसं यंत्र, पण आकडा आला दोनशे बावन्न.

"ताई, अडीचशेच्या वर दोन ग्रॅम जास्त भरतोय," काटेकोर म्हणाले.

"बॅटरीसकट दोनशे एकोणपन्नास आहे. खोक्यावरच छापलंय की."

"खोक्यावरचं खोक्यापाशी. उडताना अंगावर जे असेल ते सगळं धरायचं. ही पट्टी कसली?"

पट्टी चांगली भडक नारिंगी होती. ड्रोनच्या चारही दांड्यांवर तिने ती आदल्या संध्याकाळी गुंडाळली होती. राखाडी रंगाचा हा ड्रोन ढगाळ आभाळात गेला की तिला दिसेनासा व्हायचा, आणि दिसेनासं होणं तिला चालण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षं तिचं कामच ते होतं.

छपरांची पाहणी करायचा धंदा नवरा-बायकोचा होता. मोठा, किलोभर वजनाचा ड्रोन नवरा उडवायचा. परवाना त्याच्या नावावर. ती शेजारी उभी राहायची. त्याने स्क्रीनमध्ये डोकं घालायचं आणि तिने आभाळात. तारा, झाडं, घारी, सगळ्यांवर ती डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. अकरा वर्षांत तिने एकदाही स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं. छप्पर वरून कसं दिसतं ते तिला फक्त त्याच्या बोलण्यातून ठाऊक.

नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. जाण्याआधी, आजारपणात अजून उठबस होत होती तेव्हा, हा छोटा ड्रोन त्यानेच मागवला. स्वयंपाकघरात खोकं उघडून, मोठा सौदा मारल्यासारखा म्हणाला, "अडीचशेच्या आत आहे बघ. परवाना नको, कसली कटकट नको, सोबत माणूस नको."

"आत्तापासूनच माझी सोय लावायला निघालात का?" एवढं म्हणून ती जी बाहेर गेली, ती दोन दिवस त्याच्याशी बोललीच नाही. मोजकेच दिवस उरले होते, आणि त्यातले दोन तिने असे घालवले. त्या दोन दिवसांचं दुःख तिला त्याच्या जाण्याइतकंच व्हायचं.

पुढे एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. बाईमाणूस एकटी काय करणार, असं तोंडावर कोणी म्हटलं नाही. नुसते फोन यायचे थांबले. हे गोदाम तेवढं राहिलं. तेही हातचं गेलं तर घरात बसून भिंतींशी बोलायचं, एवढंच उरणार होतं.

"पट्टी ठेवायची तर ठेवा, माझी ना नाही," काटेकोर म्हणाले. "पण अडीचशेच्या वर गेलं की उडवणाऱ्याला परवाना लागतो. आणि आमच्या आवारात नजर ठेवायला दुसरा माणूसही. हा कागद भरा."

कागद ओळखीचाच होता. तिने पेन उचललं आणि 'नजर ठेवणाऱ्याचं नाव' या ओळीवर झरझर आपलं नाव लिहून, खाली सही करून, कागद पुढे सरकवला.

काटेकोरांनी तो वाचला. "आणि उडवणार कोण?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. सरळ विचारलं होतं. तिने वरची रिकामी ओळ पाहिली. ती ओळ नेहमी नवरा भरायचा. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि वर तिचंच पेन खिशात घालून चालू लागायचा.

"द्या इकडे," ती म्हणाली. कागदाच्या घड्या करून तिने तो पिशवीत टाकला आणि नखाने पट्टी सोलायला घेतली. चारही दांड्या मोकळ्या झाल्यावर काट्याने निमूटपणे दोनशे एकोणपन्नास दाखवले.

ड्रोन वर गेला. छप्पर लांबलचक होतं आणि आभाळ राखेसारखं. सवयीने तिची मान वरच. पहिले दहा-बारा फोटो नुसत्या शेजारच्या भिंतीचे निघाले. मग तिने मन घट्ट करून स्क्रीनकडे पाहिलं, पत्र्यांची एक रांग नीट टिपली, आणि पुन्हा वर बघते तर ड्रोन नाही.

"दिसत नाही," ती मोठ्याने म्हणाली.

अकरा वर्षांत हे शब्द तिने दोनदाच उच्चारले होते. नवरा हजार गोष्टींवर वाद घालायचा. भाजीतल्या मिठावरून सुद्धा. पण 'दिसत नाही' म्हटलं की का, कसं, कुठे, काही न विचारता ड्रोन खाली आणायचा.

ती मान वर करून थांबली. ड्रोन खाली यायची वाट बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. अंगठे दुखायला लागले तेव्हा तिच्या ध्यानात आलं की रिमोट आपल्याच हातात आहे.

ड्रोन तिनेच खाली आणला. डोळे पुसले. मग जे सुचलं ते केलं: ड्रोन अगदी खाली, छपराच्या जेमतेम वर ठेवायचा, दहा पावलं चालायचं, थांबायचं, वर बघायचं, स्क्रीनमध्ये बघायचं, पुन्हा दहा पावलं. दोघांचं तासाभराचं काम होतं, तिला दुपारचे चार वाजले. मानेचं पार लाकूड झालं.

काटेकोरांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. दोन पत्रे तडकलेले, एका कडेचे स्क्रू ढिले. त्यांना खोट काढायला जागाच सापडली नाही.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच या, ताई," शिक्का मारत ते म्हणाले. "एकटीने झकास जमवलंत."

तिने ड्रोन पिशवीत ठेवला आणि फाटकाबाहेर आली. काम हातचं गेलं नव्हतं. तिला एकटीला जमावं म्हणूनच तर त्याने तो आणला होता. आणि जमलं होतं. तेच तिला सहन होईना.