लाल फडक्यातला नारळ

...गाठ काही नखाला दाद देईना, आणि धुरपदाबाईला वाटलं, नकोच सुटू, अजून थोडा वेळ अशीच राहा. लेक नूतन हिमालयात निघाली त्या सकाळी हा नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला होता. पोर शिखरावरून सुखरूप उतरली की फोडायचा. आज तिचा फोन आला — आई, मी खाली आले, बेस कॅम्पला — आणि भाचे चुडामणभाऊ केळीच्या बागेतून तसेच चिखलाच्या पायांनी घरात.

"फोड ना वं आते. पोर खाले उनी ना?"

"उनी."

"मंग? गाठ सोडाले भटजी बलाऊ का?"

उनी... पण तिचा आवाज काही खाली आला नव्हता, तो वरच कुठेतरी राहिला होता. शिखराच्या अलीकडे गाईड म्हणाला होता, वेळ संपली, फिरू या माघारी; आणि ही म्हणाली, थोडंसंच राहिलंय, दादा. उतरताना हिचा ऑक्सिजन संपला. त्याने स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढून हिला लावला, दुसऱ्यांच्या दोराला बांधून पुढे पाठवलं. तो अजून वरच्या तंबूत आहे, त्याला दिसत नाही, पाय उचलत नाही. तिथल्या विरळ हवेत हेलिकॉप्टर पोचत नाही. त्याच्याच गावचे चार जण चालत निघालेत, वारा पडला तर पोचतील...

"नाव काय गं त्या गाईडचं?" तिने फोनवर विचारलं होतं.

"पासांग."

"आई आहे त्यांना?"

फोनमध्ये नुसता वारा. मग — "विचारलंच नाही गं कधी."

धुरपदाबाईच्या मनात आलं, कीर्तनात बुवा कथा नेमकी संकटापाशी थांबवतात. भक्त बुडतोय, देव अजून निघायचाय, आणि बुवा खुशाल गजर सुरू करतात, मृदंग चढतो, टाळ चढतात... जन्मभर मला तीच जागा गोड लागली. डोळे भरून यायचे, टाळी जोरात पडायची. कारण देव येणार हे ठाऊकच असायचं, बुवांनाही, आम्हा बायांनाही. तंबूतल्या त्याला ठाऊक आहे का? असलीच कुठे त्याची आई, तर तिला?

"तो त्याना धंदाच शे," चुडामणभाऊ उंबऱ्यावर टेकत, जरा खालच्या आवाजात म्हणाले. "त्याले सवय शे."

"श्वास घेवानी सवय समदासले शे."

चुडामणभाऊ पायाचा वाळलेला चिखल नखाने खरवडत राहिले.

धुरपदाबाईने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं, डुचमळलं. नारळ परत जागेवर ठेवून तिने हात जोडले — देवा, माझ्या लेकीला... रोजचं वाक्य तेवढ्यावरच अडलं. लेक तर दिलीस. मग त्याला आण म्हणू? पण त्याच्यासाठी मागायचं, तर ते चौघे वर जायला हवेत, तेही कुणाचे तरी... देवाकडे इतक्या उंचीवरचं काय मागायचं, कसं मागायचं, कुणी सांगितलंच नाही कधी.

"मंग कव्हय फोडशी?"

तिचे जोडलेले हात आपसूक सुटे झाले आणि गजराची टाळी हळूच पडली, कोरडी, एकटी. या कथेतलं पुढचं ठाऊक नव्हतं. आणि दर टाळीनंतर ती क्षणभर थांबत होती, कान देऊन, दूर कुठे वारा पडतोय का...